गुरांमागे गेलेली शाळा: कोसबाडची कुरणशाळा

अंगणवाडी हा शब्द आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातलं अंगण दिसेनासं झालंय. आज त्या अंगणाची गोष्ट.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला, पुढे दादरला शिशुविहार. पण हे सगळं शहरात. खेड्यातल्या गरीब पोरांचं काय? या प्रश्नापायी १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ.

बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच वस्तीवर गेली, कुणाच्या तरी अंगणात. झाली अंगणवाडी! १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हेच नाव देशभर पोचलं. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं घेऊन शिकवणं सुरू झालं. (आजकाल याच वस्तू ‘इको-फ्रेंडली किट’ म्हणून ऑनलाइन मिळतात, असो.)

पुढे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथली आदिवासी पोरं दिवसभर गुरांमागे. शाळेत बसली तर गुरं कोण बघणार? आईबापांचंही बरोबरच होतं. मग शाळाच गुरांमागे गेली. गुरं चरतायत आणि तिथेच माळावर शिकणं चाललंय. ही कुरणशाळा. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? ‘गुरं सोडून या’ अशी अटच त्यांनी घातली नाही.

हे आत्ता डोक्यात यायचं कारण म्हणजे आमची ताई, माझी चुलतबहीण. कर्जतला लागून उल्हास नदीकाठी आमचं दहिवली. तिथे आजोबांच्या उरलेल्या शेतात ती मे महिन्यात मुलांचं निसर्ग शिबिर घेतेय. करवंदं काढायची, अंगण सारवायचं, राब कसा भाजतात ते बघायचं. म्हणजे आमचीच सुट्टी, फक्त टाइमटेबल लावलेली! मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून नोंदणीचा फॉर्म माझ्याकडे. त्यात ‘शहर’ असा रकाना होता: मुंबई, ठाणे, पुणे. गावाचा पर्यायच नव्हता.

आमच्या त्या सुट्टीत आमच्याच वयाचा एक मुलगा होता, कातकरी वाडीतला. गुरं वळायचा. बिळात मुठा आहे की साप, हे तो बाहेरूनच सांगायचा. आम्हाला जे काही येतं ते त्यानेच शिकवलेलं. जूनमध्ये आम्ही शाळेत गेलो, तो गेला नाही. आमच्या आठवणीत तो ‘निसर्ग’ झाला, आणि त्याच्यासाठी ते काम होतं.

ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, “अरे, पण वाडीतली पोरं फी कुठून देतील?” मग बसून हिशोब केला. चोवीसपैकी आठ जागा वाडीतल्या मुलांना, बिनफीच्या. रानभाज्या ओळखायला शिकवणाऱ्या दोघी मावश्या, त्यांना रोजचे पैसे. शहरातल्या पालकांना हे फॉर्मवरच कळेल, नंतर कुरकुर नको.

अडलं ते तारखेवर. वाडीतली बरीच घरं वीटभट्ट्यांवर जातात, परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणून शिबिर मेच्या शेवटच्या आठवड्यात ढकललंय. ताई सध्या ताडपत्री शोधतेय.