‘स्टॅटिक’ म्हणजे साकिन, पण कोणत्या अर्थाने?

डिप्लोमाला किंवा बीसीएला गेलेली उर्दू माध्यमाची मुले मला एक प्रश्न हमखास विचारतात : “सर, स्टॅटिक म्हणजे स्थिर ना? मग त्याची किंमत बदलते कशी?” इंग्रजी शब्द आधी उर्दूत, मग मराठीत उलटवून पाहणारे मूल इथे अडते आणि आपलेच डोके कमी आहे असे समजते. डोके ठीक असते. घोळ शब्दाच्या इतिहासात आहे. (अल-ख्वारिझमीचे नाव घेऊन छाती फुगवण्याचा आपला नेहमीचा कार्यक्रम आज नको. काल शिकवलेले आज समजले तरी पुष्कळ.)

मूळ कल्पना सोपी आहे. ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास म्हणजे साचा. त्यातून निघालेल्या प्रत्येक ऑब्जेक्टचे नाव वेगळे, गुण वेगळे. पण ‘एकूण विद्यार्थी किती’ हा आकडा कोणा एकाचा नाही. तो ठेवायचा कुठे आणि मागायचा कोणाकडे?

क्लास ही चीज नॉर्वेतली. ओस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यगोर यांनी सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आणले. सामाईक आकड्यासाठी तिथे वेगळी सोय नव्हती. क्लासच्या भोवती जो मोठा ब्लॉक असे, त्यात तो ठेवायचा. घरात जागा नाही म्हणून पिंप अंगणात, तसे.

ही जागा क्लासच्या आत आणली ती कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्कमध्ये, ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग यांच्या स्मॉलटॉकने. स्मॉलटॉक-८० मध्ये क्लास हासुद्धा एक ऑब्जेक्टच. सामाईक व्हेरिएबलचे नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू करायचे, म्हणजे पाहताक्षणी कळते की हे सगळ्यांचे आहे. घरच्यांना, म्हणजे त्या क्लासच्या आणि त्याच्या वारस क्लासच्या मेथडना, ते थेट दिसते. बाहेरच्याने मात्र क्लासला निरोप पाठवायचा. क्लास सांगेल तेवढेच ऐकायचे. मला ही रीत सर्वांत अदबशीर वाटते.

मग ‘स्टॅटिक’ आला कुठून? सी भाषेतून. बेल लॅब्जमध्ये ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ साली सी भाषेला सिम्युलाचे क्लास जोडायला घेतले, त्याचीच पुढे सी++ झाली. सी मध्ये ‘स्टॅटिक’ हा शब्द आधीपासून होता. फंक्शन संपले की साधे लोकल व्हेरिएबल पुसले जाते, स्टॅटिक मात्र प्रोग्राम संपेपर्यंत आपल्या जागी राहते. नवा राखीव शब्द न वाढवता हाच शब्द क्लासच्या सामाईक व्हेरिएबलला लावला गेला.

उर्दूत याला साकिन म्हणावे. पण ‘कलम’मधला मीम साकिन असतो, त्या अर्थाने नव्हे. जुन्या खरेदीखतात नावापुढे ‘साकिन मौजे अमुक’ असे लिहिलेले असते, तो साकिन : राहणारा, ज्याचा पत्ता कायम आहे. घरात माणसे येतील-जातील, पत्ता तोच. किंमत बदलते ती अशी. आणि ‘सर्वांचे मिळून’ हा अर्थ तर या शब्दात मुळीच नाही. त्यासाठी मुश्तरक हाच शब्द चपखल.

सी++ मध्ये हाक मारायची ती क्लासचे नाव, मग विसर्गासारखे दोनदा ठिपके, मग व्हेरिएबल. पण १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत स्टॅटिक फंक्शनच नव्हते, फंक्शन बोलवायला ऑब्जेक्ट लागेच. तेव्हा लोक शून्य पत्त्यावर ऑब्जेक्ट असल्याचे भासवून काम भागवत. जावा १९९५ मध्ये हाच शब्द घेऊन आली आणि तिथे आजही रिकाम्या, ‘नल’ संदर्भातून स्टॅटिक व्हेरिएबल मागितले तर बिनतक्रार मिळते, कारण ऑब्जेक्टकडे कोणी पाहतच नाही.

पायथनमध्ये हा शब्द क्लासच्या व्हेरिएबलला लावावाच लागत नाही, पण तिथला फास वेगळा. ऑब्जेक्टकडे मागा, त्याच्याकडे नसेल तर तो क्लासकडे पाहतो. मात्र ऑब्जेक्टच्या नावाने किंमत ठेवली की क्लासची जुनी तशीच राहते आणि त्या एका ऑब्जेक्टपुरते नवे व्हेरिएबल तयार होते. एकूण संख्या ‘सेल्फ’मार्फत वाढवणाऱ्या मुलाची बेरीज म्हणूनच चुकते : वाचले सगळ्यांचे, लिहिले स्वतःच्या वहीत. तिथे क्लासचेच नाव घ्यावे.

रुबीत दोन ॲट चिन्हे लावलेले व्हेरिएबल बाप आणि वारस क्लास यांत एकच असते. मुलाने बदलले की बापाचेही बदलले. वाटणी न झालेल्या शेतासारखे. मुलाने आधी स्वतःपुरते ठेवलेले नाव नंतर बाप-क्लासने घेतले तर पूर्वी नुसती ताकीद मिळे. २०२० च्या रुबी ३.० पासून प्रोग्राम चूक दाखवून तिथेच थांबतो. ज्यांना वाटणी हवी, ते एकच ॲट लावून प्रत्येक क्लासपुरते वेगळे व्हेरिएबल ठेवतात. ती सोय स्मॉलटॉक-८० मध्येही होती.