नाईक, राम

नाईक, राम : (जन्म १६ एप्रिल १९३४). भारतीय जनता पक्षाचे नेते. बोरिवलीचे तीन वेळा आमदार (१९७८, १९८०, १९८५), उत्तर मुंबईचे सलग पाच वेळा खासदार (१९८९–२००४), केंद्रीय मंत्री व उत्तर प्रदेशचे राज्यपाल (२०१४–१९). मुंबई उपनगरातील लोकल गाडी, फलाट, गॅस यांसारखे रोजचे प्रश्न संसदेत नेणारे आणि उत्तर मिळाल्यावरही त्यांचा पाठपुरावा न सोडणारे लोकप्रतिनिधी ही त्यांची मुख्य ओळख. प्रस्तुत नोंदीचा भर त्याच कामावर आहे.

जन्म सांगलीचा, शालेय शिक्षण आटपाडीत. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून १९५४ मध्ये बी.कॉम. झाल्यावर ते नोकरीसाठी मुंबईत आले. महालेखापालांच्या कार्यालयात कारकून म्हणून लागले, नोकरी सांभाळत १९५८ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि पुढे खासगी कंपनीत कंपनी सचिव व मुख्य लेखापाल झाले. १९६९ मध्ये नोकरी सोडून भारतीय जनसंघाचे पूर्णवेळ काम पत्करले. आकडा, तारीख आणि कागद जपण्याची लेखापालाची सवय मात्र त्यांनी राजकारणातही सोडली नाही. १९९५–९६ मध्ये ते संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते, हे त्या सवयीला धरूनच झाले.

पक्षाचे पूर्णवेळ काम पत्करण्याआधीच ते रेल्वेच्या प्रश्नांत पडले होते. १९६४ मध्ये त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ स्थापन केला. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये वाढून पश्चिमेला दहिसर व पूर्वेला मुलुंडपर्यंत गेली होती. चाळीतली जागा अपुरी पडलेली कुटुंबे गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवलीकडे सरकत होती. कचेऱ्या आणि बाजार मात्र फोर्टातच राहिले. घर आणि नोकरी यांना जोडणारा धागा एकच, लोकल. ती उशिरा आली, फलाट आयत्या वेळी बदलला किंवा पादचारी पूल अरुंद पडला, की हजारोंचा दिवस बिघडे. या गाऱ्हाण्यांना वाचा फोडायची तर नगरसेवक उपयोगाचा नव्हता आणि आमदारही पुरेसा नव्हता, कारण रेल्वे केंद्राची. उपनगरातल्या माणसाला दिल्लीशी काम पडले ते प्रथम रेल्वेमुळे.

या भागाने नाईकांच्या आधीही नागरी प्रश्नांवर लढणारी व्यक्ती लोकसभेत पाठवली होती. समाजवादी नेत्या मृणाल गोरे (१९२८–२०१२) यांनी गोरेगावात पाण्यासाठी केलेल्या आंदोलनांमुळे त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. १९६१ मध्ये त्या महापालिकेत व १९७२ मध्ये विधानसभेत निवडून गेल्या. महागाईविरोधात त्यांनी आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. आणीबाणीत भूमिगत राहिल्यानंतर त्यांना अटक झाली आणि १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा तेव्हाची; ‘दिल्लीवाली बाई’ म्हणजे पराभूत झालेल्या इंदिरा गांधी. गोरे आणि नाईक यांच्या विचारसरणीत मोठे अंतर होते. तरीही नळ, फलाट आणि घर ही राजकारणाची पहिली पायरी आहे, ही समज दोघांनाही एकाच गोरेगावने दिली.

बोरिवलीचे आमदार म्हणून जवळजवळ अकरा वर्षे काढून नाईक १९८९ मध्ये लोकसभेत गेले. तेव्हाचा उत्तर मुंबई मतदारसंघ आजच्यापेक्षा पसरट होता. वसई-विरारचा पट्टाही त्यात येई. एका टोकाला बोरिवलीच्या फास्ट लोकलमध्ये शिरता न येणारे प्रवासी, तर दुसऱ्या टोकाला विरारपुढे लोकलच नसल्याने शटलच्या वेळा सांभाळणारे. दोघांचे म्हणणे एकाच खासदाराने मांडायचे होते.

मांडायचे म्हणजे नेमके काय, हे इथे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण खासदाराचे काम मतदाराला बहुतेक वेळा उद्घाटनाच्या फलकावरच दिसते. सदस्याच्या हातातले पहिले साधन प्रश्न. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. दिवसाला असे २० प्रश्न सोडतीने लागतात. अतारांकित प्रश्नांची, दिवसाला २३० पर्यंत, लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. सभागृहात गाजतो तारांकित. पण फलाटाची उंची किती, पुलाला मंजुरी कधी मिळाली, काम का थांबले, अशी माहिती मिळवायला अतारांकित प्रश्नच अधिक कामाचा. एकदा छापील उत्तर आले की रेल्वेच्या विभागीय कार्यालयात शिष्टमंडळ घेऊन जाणाऱ्या प्रवासी संघाच्या हातात मंत्र्याचाच शब्द असतो. मंत्र्याने सभागृहात ‘विचार करू’, ‘तपासून पाहू’ असे म्हटले, तर ते आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पुरे व्हावे अशी अपेक्षा असते आणि त्यावर शासकीय आश्वासन समिती नजर ठेवते. तातडीच्या गोष्टीसाठी शून्य प्रहर, मतदारसंघातल्या विषयासाठी नियम ३७७ खालचे निवेदन, कायदाच हवा असेल तर शुक्रवारी येणारे अशासकीय विधेयक. यांखेरीज २०१६ पर्यंत रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जाई आणि त्यावरची चर्चा ही उपनगरी प्रवाशांची दिल्लीतली हक्काची जागा असे. तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळल्यापासून ही जागा आकसली आहे.

नाईकांनी ही सर्व साधने वापरली, पण त्यांचे वेगळेपण दुसऱ्या एका गोष्टीत आहे. आमदार असताना ‘विधानसभेत राम नाईक’ आणि खासदार झाल्यावर ‘लोकसभेत राम नाईक’ या नावाने ते दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत. राज्यपाल झाल्यावरही ‘राजभवन में राम नाईक’ निघत राहिला. लोकप्रतिनिधीने वर्षाचा हिशेब लिहून द्यावा असे कोणताही कायदा सांगत नाही. आज संसदेतली उपस्थिती आणि प्रश्नांची संख्या कोणालाही पाहता येते, पण संख्येवरून काम कळत नाही. प्रश्न विचारला, उत्तर काय आले, पुढे काय झाले, हे तिन्ही ज्याने स्वतःहून लिहून काढले त्याला मतदार पुढच्या वर्षी जाब विचारू शकतो. नाईकांच्या साऱ्या कामात अनुकरण करण्यासारखी, आणि तरीही सर्वांत कमी अनुकरण झालेली, गोष्ट हीच आहे.

१९९८ मध्ये ते रेल्वे राज्यमंत्री झाले. ऑगस्ट १९९९ मधील गैसाल रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्री नितीशकुमार यांनी राजीनामा दिल्यावर काही आठवडे खात्याचा स्वतंत्र कार्यभारही त्यांच्याकडे होता. या काळातली मुंबईच्या दृष्टीने सर्वांत टिकाऊ घटना म्हणजे १२ जुलै १९९९ रोजी मुंबई रेल्वे विकास महामंडळाची स्थापना. लोकलचा वाद दशकानुदशके एकाच ठिकाणी अडत होता. रेल्वे म्हणे, उपनगरी सेवा तोट्यात चालते. राज्य म्हणे, रेल्वे केंद्राची. आणि देशभरच्या मागण्यांच्या रांगेत मुंबई मागे पडे. महामंडळात रेल्वेचा ५१ टक्के आणि राज्य सरकारचा ४९ टक्के वाटा ठेवल्याने खर्च आणि जबाबदारी दोन्ही वाटून घेण्याची सोय झाली. जागतिक बँकेच्या कर्जासह मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा पहिला टप्पा याच महामंडळामार्फत उभा राहिला. बोरिवली–विरार चौपदरीकरण, बारा डब्यांच्या गाड्यांची वाढ, २००७ पासून आलेले नवे डबे ही त्याची फळे. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात असे रेल्वेचेच मोजमाप सांगते. या फळांनी ती गर्दी संपली नाही, पण ही कामे झाली नसती तर काय झाले असते याचा विचार विरारच्या प्रवाशाने करून पाहावा.

विरारपुढचा प्रश्न मात्र मंत्रिपद असतानाही सुटला नाही. डहाणूपर्यंत लोकल न्यावी ही मागणी प्रवासी संघटनांनी आणि नाईकांनी लावून धरली होती; डहाणू रोडपर्यंतची पहिली लोकल धावली ती १६ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे ते खासदार नसल्याला नऊ वर्षे होत आली तेव्हा. तो दिवस बोरीबंदर–ठाणे या भारतातल्या पहिल्या प्रवासी गाडीचा १६० वा वर्धापनदिन होता, आणि नाईकांचा वाढदिवसही.

ऑक्टोबर १९९९ ते मे २००४ या काळात पेट्रोलियम व नैसर्गिक वायू खाते त्यांच्याकडे होते. त्या वेळी स्वयंपाकाच्या गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि खासदारांना वर्षाला ठरावीक जोडण्यांची शिफारस करता येई. त्या शिफारशीसाठी लोक खासदाराच्या दारात उभे राहत. खाते हाती आले तेव्हा देशात सुमारे १ कोटी १० लाखांची प्रतीक्षायादी होती. ती निकालात काढण्यात आली. यादी संपली तशी शिफारशीची गरजही संपली. सेवा मागितल्यावर मिळू लागली की लोकप्रतिनिधीची मेहेरबानी अनावश्यक होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

खासदार स्थानिक विकास निधीची योजनाही त्यांनी धरलेल्या आग्रहाशी जोडली जाते. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी ती २३ डिसेंबर १९९३ रोजी जाहीर केली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदारामागे ५ लाख रुपये, पुढे १ कोटी, १९९८–९९ पासून २ कोटी आणि २०११–१२ पासून ५ कोटी अशी ती वाढत गेली. उपनगरातली कितीतरी सार्वजनिक शौचालये, व्यायामशाळा आणि समाजमंदिरे या निधीतून उभी राहिली आहेत. खासदाराला नगरसेवकाच्या कामात गुंतवणारी योजना अशी टीकाही तिच्यावर होते, आणि ती टीका अगदीच निराधार नाही: पेव्हर ब्लॉक बसवल्याचा फलक दिसतो, सभागृहातला प्रश्न दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही योजना घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला.

मतदारसंघापलीकडच्या त्यांच्या संसदीय कामात तीन गोष्टी नोंदवायला हव्यात. स्तनपानाला उत्तेजन देण्यासाठी त्यांनी अशासकीय विधेयक मांडले; पुढे सरकारनेच आईच्या दुधाला पर्यायी अन्नाच्या जाहिरातींवर बंधने घालणारा १९९२ चा कायदा केला. १९९२ पासून संसदेत ‘जन गण मन’ आणि ‘वंदे मातरम्’ म्हटले जाऊ लागले, त्यामागेही त्यांचा पुढाकार होता. ‘बॉम्बे’चे अधिकृत नाव मुंबई व्हावे यासाठीही त्यांनी संसदेत पाठपुरावा केला.

२००४ मध्ये काँग्रेसचे उमेदवार, अभिनेते गोविंदा यांनी त्यांना सुमारे ४८ हजार मतांनी हरवले. २००९ मध्ये संजय निरुपम यांच्याकडून ते सहा हजारांहूनही कमी मतांनी पराभूत झाले. पंधरा वर्षे नेमाने हिशेब देणारा उमेदवार हरतो, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. पण कामाचा अहवाल म्हणजे मतांची हमी नव्हे, हे लोकशाहीत धरूनच चालावे लागते. २००४ च्या पराभवानंतर त्यांनी केलेले एक काम फारसे कोणाला ठाऊक नाही. कुष्ठपीडितांच्या पुनर्वसनासाठी २००७ मध्ये त्यांनी इतरांसह राज्यसभेच्या याचिका समितीकडे याचिका दाखल केली आणि समितीने २००८ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला. सभागृहात जागा नसलेल्या नागरिकालाही संसदेचे दार उघडे असते, ते याचिकेच्या वाटेने. ही वाट माजी खासदाराने चालून दाखवली.

२०१३ मध्ये त्यांनी निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर जुलै २०१४ ते जुलै २०१९ ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. ‘चरैवेति! चरैवेति!!’ हे त्यांचे आत्मकथन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान जाहीर झाला.

नाईकांचा मतदारसंघ आता तसा राहिलेला नाही. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, २००९ पासून, उत्तर मुंबईत दहिसर, बोरिवली, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम हे विधानसभा मतदारसंघ येतात. अंधेरी, वर्सोवा, जोगेश्वरी, गोरेगाव, दिंडोशी वायव्य मुंबईत, तर मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर आणि मानखुर्द ईशान्य मुंबईत. उपनगरांचे आजचे अवघड प्रश्न दोन यंत्रणांच्या सीमेवर पडलेले असतात. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला; रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि पोहोचरस्ते महापालिकेचे अशा वाटणीत नोव्हेंबर २०२२ पासून पूल बंद राहिला आणि पूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडले. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला, तेव्हाही जागा लोहमार्ग पोलिसांची आणि नियम महापालिकेचे, असा वाद पुढे आला. अशा वेळी दोन्ही यंत्रणांना एकाच टेबलाशी बसवून लेखी उत्तर घेणारा माणूस लागतो, आणि केंद्राची यंत्रणा गुंतलेली असेल तेव्हा ते काम खासदाराचेच असते.

२०२४ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून पीयूष गोयल, वायव्य मुंबईतून अवघ्या ४८ मतांनी रवींद्र वायकर आणि ईशान्य मुंबईतून संजय दिना पाटील निवडून आले. गोयल केंद्रीय मंत्री असल्याने सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत. १९९८ ते २००४ या काळात नाईकांनाही तेच बंधन होते. लोकलचे प्रश्न मात्र संपलेले नाहीत; गोरेगावपर्यंत आलेली हार्बर लोकल बोरिवलीला नेण्याचे काम मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ‘३ अ’ टप्प्यात समाविष्ट आहे.