सलाबाईचा हुकूम

जव्हारकडच्या एका ऑफिस ट्रिपमध्ये कुणीतरी हातात ग्लास धरून म्हणालं, "हे आदिवासी लोक ना, मुळातच पिणारे." तेव्हा मी गप्प बसलो. उत्तर मला नंतर वाचताना सापडलं.

मोहाची दारू घरोघरी गाळली जायची, हे खरं. ती लग्नात, मयतात, देवाला लागायची. आणि मोह म्हणजे नुसती दारू नव्हे. पावसाळ्यात धान्य संपलं की सुकवलेली फुलं शिजवून खायची, पोट त्यावर निघायचं. हे घरचं गणित १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने मोडलं. घरी गाळणं गुन्हा ठरलं. दारू सरकारमान्य भट्टीची, विकणार परवानेवाला दुकानदार, आणि ताडीच्या झाडावरही कर. १८९२ साली मोहाचा वेगळा कायदा आला आणि ठाणे-कुलाब्यात फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. म्हणजे घरातलं खाणंसुद्धा संशयित!

जी गोष्ट फुकट होत होती ती आता रोख पैशाने, नाहीतर उधारीवर घ्यायची. उधारी देणारा बहुतेकदा दुकानदारच. ठाण्यापासून सुरतेपर्यंतच्या पट्ट्यात हे दुकानदार बरेचसे पारशी होते, त्यातले काही सावकार आणि जमीनदारही. उधारी फिटेना, मग जमीन जायची आणि माणूस त्याच जमिनीवर मजूर म्हणून राबायचा. पिणं जुनंच होतं. पिण्यापायी जमीन जाणं मात्र नवं होतं.

मग १९२२ साल उजाडलं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीची साथ शमावी म्हणून विधी सुरू झाले. ते डोंगरांतून उत्तरेकडे सरकत गेले आणि नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोचले, तोवर त्यांचं रूप पार बदललं होतं. मांडवात हजारो लोक बसायचे. कुणाच्या तरी अंगात यायचं आणि त्याच्या तोंडून देवी, म्हणजे सलाबाई, हुकूम द्यायची: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, पारशांच्या कामाला जाऊ नका. पुढे देवी गांधींचं नावही घेऊ लागली. पण सुरुवात काँग्रेसने केलेली नव्हती. कार्यकर्ते मागाहून आले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलंय.

मला यातला शेवटचा हुकूम सगळ्यात धारदार वाटतो. व्यसनमुक्ती आणि संप एकाच वाक्यात. दुकानं ओस पडली, शेतांवर मजूर मिळेनात. चिडलेल्या काही दुकानदारांनी माणसं धरून त्यांच्या तोंडात जबरदस्तीने दारू ओतली. सरकारलाही हे आवडणं शक्य नव्हतं, कारण अबकारी हे मुंबई इलाख्याच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होतं.

जोर ओसरल्यावर बरेच जण पुन्हा प्यायला लागले. गावात दोन तट पडले: सोडलेले ते 'वरजेला', परत धरलेले ते 'सरजेला'. काही गावांत हा फरक वर्षानुवर्षं टिकला.

१९४९ साली स्वतंत्र भारतातल्या मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. महाराष्ट्रात आजही तोच चालतो. दारूची दुकानं आणि परमिट रूम त्याच कायद्याखालच्या परवान्यावर उघडतात, आणि घरामागे परवान्याशिवाय मोह गाळणाऱ्या बाईचं मडकं फुटतं तेही त्याच कायद्याखाली.