मागं उभं ऱ्हाऊ नगंस

आबा एका कानाने ठार बहिरे होते. १९६५ साली पंजाबच्या आघाडीवर ते जीपवरच्या आरसीएलचे लोडर होते. त्या तोफेने कान नेला. घरात त्याबद्दल कुणी हळहळत नसे, कारण आबाच हळहळत नसत.

आरसीएल म्हणजे रिकॉइललेस, धक्का न देणारी तोफ. नाव १०६ मिलिमीटरचं, नळी खरी १०५ची. अमेरिकेत आधी १०५ची एक अशीच तोफ होती. तिचे गोळे चुकून हिच्यात जाऊ नयेत म्हणून नावात एकाने वाढ केलेली. वजन २०० किलोंहून जास्त. एवढ्या मोठ्या साध्या तोफेने एका बारात जीप उलथवली असती. ही मात्र गोळा पुढे सोडताना तेवढ्याच जोराने जाळ आणि वायू मागे फेकते, म्हणून जीप जागची हलत नाही. नळीवर एक रायफल बसवलेली. आधी तिची गोळी झाडायची, ती रणगाड्यावर धूर काढून लागली की मग गोळा सोडायचा.

"बार झाला की मागं धुळीचा डोंगर उठायचा," आबा सांगत. "दुश्मनाला तीच खूण. धूळ बसायच्या आत जीप हलवायची. न्हाईतर आपुन गेलो." जीपला चिलखत नाही. समोर पॅटन रणगाडा, त्याची तोफ ९० मिलिमीटरची.

अब्दुल हमीदांची गोष्ट आबांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पलटणीत ऐकलेली, पण सांगताना आवाज बदलायचा. चौथ्या ग्रेनेडियर्सचे क्वार्टरमास्टर हवालदार, गाझीपूरकडचे. खेमकरणजवळ आसल उत्तरच्या लढाईत उसाच्या आणि पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन रुतत होते. हमीद जीप घेऊन पिकाच्या आडोशाने सरकायचे, बार काढायचे, पुन्हा जागा बदलायचे. १० सप्टेंबरला एका रणगाड्याशी समोरासमोर गाठ पडली आणि ते गेले. मरणोत्तर परमवीरचक्र. "त्यानं जागा बदलली न्हाई असं न्हाई," आबा म्हणत, "येळच गावला न्हाई त्याला." ही बाजू ते दर वेळी मांडायचे, जणू कुणी हमीदांना बोल लावला होता.

आम्हा पोरांना मात्र त्यांची एकच ताकीद. बैल असो, ट्रॅक्टर असो, "मागं उभं ऱ्हाऊ नगंस!" लहानपणी वाटायचं, म्हाताऱ्याची सवय. बाराच्या वेळी तोफेमागे चुकून आलेला माणूस भाजून निघतो, हे मला फार उशिरा कळलं.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी त्यांना एकदा नेलं. पॅटनच्या तोंडासमोर लोक फोटो काढत होते. आबा काठी टेकत बाजूला गेले, चाकांच्या वरच्या पत्र्यावर तळहात ठेवला.

"हितं," ते म्हणाले. "समोरून न्हाई, हितं मारायचा."

आणि मग मागे वळून पाहिलं, कुणी उभं नाही ना.