गुण आला म्हणजे निदान झाले काय?

सौंसर तालुक्यातील जामसावळीच्या शयनमुद्रेतील मारुतीस पांढुर्णा-सौंसरकडील मंडळी श्रद्धेने जातात. आरोग्याचे मागणे घेऊन दुखणेकरीही तेथे येतात. अशा एखाद्याच्या एका डोळ्यामागे असह्य ठणका लागावा, पापणी उचलू नये, बुबुळ वळू नये आणि एका वस्तूच्या दोन दिसाव्यात, तर अर्धशिशी वा बाधा समजून घरी स्वस्थ बसावे काय? या विकाराचा अलीकडचा इतिहास आम्ही त्याचसाठी येथे सांगत आहोत.

स्पेनमधील बार्सिलोनाचे मेंदूशल्यविशारद एदुआर्दो तोलोसा यांनी १९५४ साली अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. मरणोत्तर तपासणीत डोळ्यामागे, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीभोवती, सुजेची गाठाळ वाढ आढळली. डोळा फिरविणाऱ्या नसा तिच्या लगतच असतात. १९६१ साली अमेरिकेत विल्यम हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सहा रुग्ण वर्णिले आणि स्टेरॉइड औषधाने गुण येतो हे दाखविले. १९६६ साली या दोघांचे नाव विकारास मिळाले. आपल्या देशात वेल्लोरच्या मॅथ्यू व चांडी यांचा या विषयावरील निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला.

या औषधाने ठणका बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. डोळ्याची हालचाल सुधारण्यास आठवडे लागतात. अशा चमत्कारिक गुणामुळेच एक भ्रम निर्माण होतो. काही अर्बुदांतही याच औषधाने तात्पुरता उतार पडतो आणि खरा रोग लपून राहतो.

याहून दारुण धडा २०२१ साली मिळाला. करोनानंतर नागपुरासह विदर्भात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले. त्यांत मधुमेही पुष्कळ होते. दुखणारा डोळा, लोंबलेली पापणी, दुहेरी दृष्टी ही लक्षणे तीच. परंतु येथे स्टेरॉइड रोगास बळ देते. हवे असते अँफोटेरिसिन आणि शस्त्रक्रिया. एकास तारणारे औषध दुसऱ्याच्या जिवावर उठते, ते असे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: मारुतिरायास नमस्कार अवश्य करावा, पण त्याच दिवशी नागपूरची वाट धरावी, रक्तातील साखर व मेंदूचे एमआरआय चित्र तपासून घ्यावे, आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवरील गोळी कदापि घेऊ नये.