चोराची पाठ

पंचनाम्यातली तीन वाक्यं मला अजून तोंडपाठ आहेत. घराच्या मागील भिंतीस दीड फूट रुंद व सव्वा फूट उंच असे भोक. भोकाच्या बाहेरील बाजूस ताज्या मातीचा ढीग. भोकापासून चिंचेच्या झाडापर्यंत बावीस पावले.

साल १९८३. सनद घेऊन मला दोन वर्षं झाली होती आणि साताऱ्याच्या सेशन कोर्टात मी अण्णांच्या मागे फायली सांभाळत उभा राहत असे. आरोपी माणदेशातला, साठी उलटलेला शेतकरी. त्यांना आपण तात्या म्हणू. घर धाब्याचं, भिंती पांढरीच्या मातीच्या, हातभर जाड. अशी भिंत ऊन अडवते, पाऊस सोसते, पण चोरापुढे तिचं काही चालत नाही. पाणी मारून माती भिजवली की पहारीचा आवाजसुद्धा येत नाही. अवसेच्या अलीकडची रात्र होती. तात्या ज्वारीच्या कणगीपाशी झोपले होते. माती ओघळल्याची खसखस कानावर आली तसे जागे झाले. ओरडले नाहीत. कोपऱ्यातली पहार उचलली आणि भोकाच्या कडेला, भिंतीला पाठ लावून बसून राहिले. किती वेळ बसले, ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. डोकं आत आलं आणि त्यांनी पहार घातली.

तो माणूस मागे सरकला, उठला आणि पळत सुटला. तात्या मागच्या दाराची आगळ काढून बाहेर पडले. चिंचेखाली तो अडखळला, की चक्कर येऊन थांबला, देव जाणे. दुसरा घाव तिथे बसला. डॉक्टरांच्या अहवालात दोन जखमा होत्या, एक कपाळावर, एक डोक्याच्या मागच्या बाजूला. अण्णांनी अहवाल वाचला, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "पहिली जखम आपली. दुसरी सरकारची."

त्या एका वाक्याचा अर्थ नीट कळायला मला पुढची काही वर्षं लागली. नंतर जेव्हा जेव्हा सवड मिळाली तेव्हा मी त्या भोकाचाच मागोवा घेत गेलो.

भोक पाडून घरात शिरण्याची कला आपल्याकडे फार जुनी. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो तो प्रसंग देवलांनी मराठीत आणला, त्यामुळे आपल्या नाटकवेड्या पिढ्यांना तो ठाऊक असे. शर्विलक जातीने ब्राह्मण. भोकाचं माप घ्यायला दोरी विसरला म्हणून जानव्याने माप घेतो! भाजलेल्या विटा असतील तर उपसाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीची ढेकळं असतील तर भिजवावीत, असं त्याचं शास्त्र. भोकाचा आकार कमळासारखा ठेवू की पूर्ण कुंभासारखा, यावर तो थांबून विचार करतो. पण मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात खरी वाटते. स्वतः शिरण्याआधी तो भोकातून एक बनावट माणूस आत सरकवतो. आत कुणी दबा धरून बसलेलं असू शकतं, हे त्याला पक्कं माहीत आहे. तात्यांच्या घरी आलेल्या माणसाने एवढी खबरदारी घेतली असती, तर खटलाच उभा राहिला नसता.

मनुस्मृतीत रात्री भिंत फोडून चोरी करणाऱ्याचे हात तोडून त्याला सुळावर द्यावं असं राजाला सांगितलं आहे. ती झाली राजाची शिक्षा. घरमालकाने काय करावं? तिथे 'आततायी' हा शब्द येतो. हत्यार उगारून, आग लावायला, विष घालायला येणारा तो आततायी. तो गुरू असो की विद्वान ब्राह्मण, त्याला मारताना विचार करू नये, असं मनू म्हणतो. भाष्यकारांनी यावर मागाहून पुष्कळ वाद घातला, ब्राह्मण आततायी निघाला तर काय, हाच त्यातला मुख्य पेच. तो इथे पुरे.

लक्षात घेण्याजोगा शब्द आहे रात्र. बायबलच्या निर्गम पुस्तकातही तोच सापडतो. घर फोडताना चोर सापडला आणि मार खाऊन मेला तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर मारलं, तर दोष आहे. रोमच्या बारा पाट्यांवरच्या कायद्यात रात्रीच्या चोराला ठार मारणं कायदेशीर, दिवसाच्या चोराला मात्र त्याने हत्याराने सामना केला तरच. तीन दूरदूरची माणसं, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली, आणि तिघांच्याही डोक्यात सूर्य. कारण उघड आहे. अंधारात आलेले किती जण, त्यांच्या हातात काय, चोरायला आलेत की जीव घ्यायला, काही कळत नाही. आणि धावून येणारा शेजारी झोपलेला असतो.

हा सूर्य इंग्रजांनी आपल्या कायद्यात तसाच ठेवला. १८३७ साली मेकॉलेच्या कमिशनने दंडसंहितेचा मसुदा दिला, त्यात मुंबई इलाख्याच्या वतीने जॉर्ज अँडरसन होता. मसुद्यासोबतच्या टिपणात मेकॉलेने लिहिलं ते वाचून मला हसू येतं आणि रागही येतो. त्याचं म्हणणं असं, की इथली माणसं दरोडेखोरांचा जुलूम निमूट सोसतात, हे फार निराश करणारं लक्षण आहे. तेव्हा बचावाच्या हक्कावर बंधनं वाढवत बसण्यापेक्षा लोकांत मर्दपणा जागवावा. म्हणजे विलायतेतल्यापेक्षा इथे हक्क थोडा सैल ठेवायचा, आणि तो आपल्या भल्यासाठी! हा मसुदा तेवीस वर्षं कपाटात पडून राहिला. सत्तावनचं बंड होऊन गेल्यावर, १८६० मध्ये तो कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. कलम ९६ ते १०६ हा आपला भाग. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा कलम १०३ मध्ये आहे: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग. आणि साधी चोरी किंवा घरात घुसणं, पण जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशा परिस्थितीत. रात्रीच्या घरफोडीला ही शेवटची अट जोडलेली नाही. भीती कायद्याने धरूनच चालायची. मात्र कलम ९९ सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं. जरुरीपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि सरकारची मदत मागायला वेळ असेल तर हक्कच नाही.

मेकॉलेने मर्दपणा जागवायला सांगितलं खरं, पण १८७८ मध्ये लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा आला आणि परवान्याविना हत्यार बाळगणं गुन्हा झाला. एका हाताने हक्क दिला, दुसऱ्या हाताने तलवार काढून घेतली. शेतकऱ्याच्या घरात मग काय उरलं? पहार, कुऱ्हाड, विळा, मुसळ. माझ्या पस्तीस वर्षांच्या वकिलीत बचावाच्या खटल्यात बंदूक एकदाच पाहिली. मुद्देमालात पहार मात्र किती वेळा, त्याची गणती नाही.

त्याआधी आपल्या मुलखात चोराचं प्रकरण निराळं होतं. रामोशी, जागले, कुठे भिल्ल, कुठे महार गावाची राखण करत, त्याबद्दल त्यांना धान्याचा हक्क असे. चोरी झाली तर राखणदाराने माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की तो त्या गावाच्या गळ्यात घालायचा. चोर सापडला नाही तर भरपाई. म्हणजे चोराशी लढणं हे घरमालकाचं काम नव्हतंच, ते गावाचं होतं. इंग्रजी अमलात ही घडी विस्कटली, रामोशांचे हक्क गेले. त्यांच्यातला उमाजी नाईक उभा राहिला, १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेला. पुढे राखणदारांच्याच काही जातींना १८७१ च्या आणि नंतरच्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. ऑगस्ट १९५२ मध्ये हा कायदा संपला. कागदावर.

हे मी उगाच सांगत नाही. तात्यांच्या चिंचेखाली पडलेला माणूस पालावरचा होता. पालावरची माणसं कोर्टात आली, दाराशी उकिडवी बसली. सरकारी वकील, आमचे अण्णा, शिपाई, मी, कुणालाही तो चोर होता याबद्दल क्षणभरही शंका आली नाही. तो चोर होताच, भोक त्याचंच होतं. पण शंका न येणं ही निराळी गोष्ट आहे. कायदा 'रास्त भीती' म्हणतो आणि ही भीती माणूस जन्मतः घेऊन येत नाही, ती त्याला कुणीतरी शिकवलेली असते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ते तर कुणाच्या घरातही शिरले नव्हते. आठवडे बाजारात, भर दिवसा. तिथे खासगी बचावाचं नाव घेणंही पाप.

आता खटल्याकडे. गावाने तात्यांना पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, "मी घरात नव्हतोच म्हणा." खेड्यात हा सल्ला फुकट आणि हमखास मिळतो, आणि बचावाची वाट तोच अडवतो. मारलंच नाही म्हणणाऱ्याला बचावासाठी मारलं असं कसं म्हणता येईल? पुराव्याच्या कायद्याप्रमाणे अपवाद दाखवायची जबाबदारी आरोपीवर. सुदैवाने ती सरकार पक्षाइतकी जड नसते, शक्यता दाखवली तरी भागतं, आणि सरकारच्याच पुराव्यातून दाखवली तरी चालतं. अण्णांनी पंच उलटतपासणीत घेतला.

"माती कुठल्या बाजूला होती?"

"भाईर."

"म्हंजे भोक बाहेरून पाडलं?"

"मग आतनं कोण पाडंल, सायेब?"

कोर्ट हसलं. रात्रीची घरफोडी तिथेच शाबीत झाली. सरकारी वकिलांनी एक बारीक मुद्दा काढला, की तो माणूस आत आलाच नव्हता, नुसतं डोकं आलं होतं. अण्णांनी कलम ४४२ च्या खालचं स्पष्टीकरण वाचून दाखवलं: शरीराचा कुठलाही भाग आत आला तरी प्रवेश झाला. मग त्यांनी अमजद खानचा निवाडा काढला. १९५० साली कटनीत दंगल झाली, शेजारचा भावाचा भाग लुटून जमाव अमजदच्या दारावर लाठ्या आपटत होता, बायकामुलं आश्रयाला आली होती. त्याने गोळी झाडली, एक जण मेला. खालची कोर्टं आणि नागपूर हायकोर्ट त्याच्या विरुद्ध गेली. १९५२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. निकाल लिहिणारे विवियन बोस स्वतः नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होऊन गेलेले. दार फुटेपर्यंत त्याने वाट पाहायची गरज नव्हती, आणि अशा घटकेला सोनाराच्या काट्याने तोलून चालत नाही, असा त्याचा मथितार्थ.

न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं. मग सरकारी वकिलांनी दुसरा निवाडा ठेवला, जयदेव विरुद्ध पंजाब, १९६२. लिहिणारे प्र. बा. गजेंद्रगडकर, साताऱ्यातच जन्मलेले. ते नाव आलं तसे आमच्या बारमधले दोघे-तिघे सरसावून बसले, आपल्या गावचा माणूस म्हणून. खटला शेताच्या वादाचा, घराचा नव्हे. पण तत्त्व तेच, की धोका टळल्यावर दूर असलेल्या, पळणाऱ्या माणसांवर गोळी घालणं हा बचाव नाही. आमच्याच गावच्या माणसाने आमचा अशील बुडवला. कलम १०५ ही तेच सांगतं: रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क, घरात शिरणं चालू आहे तोवरच. डोकं बाहेर गेलं, हक्क संपला. हाती काही चोरलेलं असतं तर चोरीच्या मालापायी गोष्ट थोडी लांबली असती. त्याच्या हातात मातीशिवाय काही नव्हतं.

खुनातून मात्र तात्या सुटले. कलम ३०० चा दुसरा अपवाद कामी आला. हक्क सद्भावनेने बजावताना मर्यादा ओलांडली तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. ३०४ चा भाग दोन, पाच वर्षं.

२०२४ च्या जुलैपासून हे सगळे आकडे बदलले. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. जुन्या १०३ चं ४१ झालं, त्यात 'रात्री'ऐवजी 'सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी' असं सरळ लिहिलं, आगीसोबत स्फोटकं आली. सूर्य आहे तिथेच आहे, जरी गल्लीत आता रात्रभर एलईडी जळतात आणि मातीच्या भिंतीऐवजी कडी-कोयंडा उचकटला जातो. माझा नातू विचारतो, दुपारी फ्लॅटमध्ये चोर शिरला तर? मी म्हणतो, ११२ लाव, आरडाओरडा कर. तो अंगावर आला तर अंग वाचव. तो टीव्ही घेऊन जिना उतरू लागला तर अडव, हिसकावून घे, पण डोक्यात काही घालू नकोस.

तात्या सुटून आले तेव्हा मी एकदा त्यांच्या गावी गेलो होतो, दुसऱ्याच एका दाव्याच्या निमित्ताने. मागची भिंत त्यांनी दगडात बांधून घेतली होती. चहा झाल्यावर मी सहज म्हणून भोकाच्या जागेपासून चिंचेपर्यंत चाललो. माझी एकोणीस पावलं भरली. हवालदार बुटका असावा. तात्या दारात उभे राहून बघत होते.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"मी मोजली नव्हती हो, वकीलसाहेब," ते म्हणाले, आणि आत गेले.