कुडापासून फळीपर्यंत

आमच्या चंद्रपूरकडे विटांची ऐपत नसली, तरी कुडाचं घर कोणालाही जमायचं. बांबूच्या कामट्यांचा तट्टा खांबांना बांधायचा, दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची, झाली भिंत. तट्टा बुरडाचा, लिंपण घरच्या बायांचं.

आता कारखान्यात बांबूची फळी होते. बांबूचे तुकडे वाफेवर मऊ करतात, दळून धागा सुटा करतात, त्यात राळ मिसळून थर पसरतात आणि गरम प्रेसमध्ये दाबतात. दुसऱ्या रीतीत तर विणलेले तट्टेच राळेत बुडवून, सुकवून, एकावर एक ठेवून दाबतात. म्हणजे तट्टा बुरडाचाच, शेणमातीच्या जागी राळ आली.

मग बांबूच्या या मुलखात असले कारखाने गावोगावी का नाही उभे राहिले? मला वाटते, मोठं कारण कायदा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं बांबूला झाडांत बसवलं. बांबू हे गवत, पण कागदावर तो झाड झाला. बांधावरचा बांबू तोडून बाहेर न्यायचा, तर पास पाहिजे. एका साली आमचा तोडलेला बांबू पासाची वाट पाहत पावसाळाभर अंगणात पडून राहिला. बांबूत पिठूळ सत्त्व असते, त्यावर भुंगा येतो. पास आला तेव्हा कांड्यांतून भुसा गळत होता. बाबांनी तो चुलीत घातला आणि बांधावर पुन्हा बांबू लावला नाही.

तिकडे बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ साली स्थापन झाली. जंगलातला बांबू ट्रका भरभरून तिथं जाई. बुरडाला मात्र कार्डावर मोजून मिळे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात आला. २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती वाहतूक पासाचं पुस्तक आलं. २०१७ मध्ये झाडाच्या व्याख्येतून बांबू निघाला. नव्वद वर्षं लागली.

आता माझ्या बांधावर मानवेल बांबूची बेटं आहेत. पण नुसता बांबू विकून आपल्या हाती पडते ते कच्च्या मालाचं मोल. खरा पैसा धागा काढण्यात, विणण्यात आणि दाबण्यात आहे. ते काम जर दूरच्या शहरात गेलं, तर कायदा बदलून आपल्याला काय मिळालं? चार गावांनी मिळून एक प्रेस बसवावा, आणि तट्टा विणणाऱ्या बुरडाला त्यात मजुरी नव्हे, वाटा द्यावा. ही विद्या मुळात त्याची आहे.